इंचाला चार फूट

सुताराच्या दुकानात सरस शिजत असला की मी आजही रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला तो पदार्थ. त्याचा वास नाकात शिरला की आधी दापोडीतली एक खोली डोळ्यांपुढे येते आणि मग त्या खोलीतले दिगंबर लेले. बंडीवर तंबाखूचे ओघळ, लोंबणारी नाडी, बोटांवर वाळलेल्या सरसाचे पापुद्रे. गप्पा मारता मारता लेले ते पापुद्रे सोलत आणि तोंडात टाकत. "सरस ताजा आहे की नाही ते जिभेलाच कळतं," असं ते सांगत. मी दाराकडे बघायचो.

मला घाणीचा तिटकारा आहे. जेवताना पानात केस निघाला तर मी उठतो, मग ते पान कुणाच्याही घरचं असो. दुसऱ्याने तोंड लावलेल्या भांड्याला मी तोंड लावत नाही. बायको म्हणते, देवाने तुम्हाला आधी नाक दिलं आणि मग उरलेलं शरीर त्याला टांगून ठेवलं. असा मी, पन्नासच्या दशकातली कितीतरी वर्षं, दर रविवारी दुपारी चिंचवडहून गाडी पकडून दापोडीला लेल्यांच्या खोलीत जाऊन बसत होतो. स्वतःचा पेला पिशवीतून नेत होतो, पण जात होतो.

त्या वेळी पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उठायला लागले होते. त्यातल्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो आणि लेले स्टोअरमध्ये होते. एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "सबनीस, वाया गेलेलं ट्रेसिंग कापड आहे का? आम्हाला खिडक्यांना काचा बसवायच्यात." मी एक तुकडा पुढे केला. लेल्यांनी तो जिभेने चाटला, उजेडाकडे धरला, आणि ओला तुकडा माझ्या कोऱ्या ड्रॉइंगवर ठेवला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढून सोडली. आत तंबाखूच्या चुऱ्यात स्टेशनवरचं एक बाकडं होतं. लाकडाचं, माझ्या करंगळीच्या पेराएवढं. त्याची एक पट्टी मोडलेली होती आणि मोडल्या जागी कुणीतरी सुतळी गुंडाळली होती. ते बाकडं मी ओळखलं. चिंचवडला राहायला जायच्या आधी दापोडी स्टेशनवर मी त्यावर रोज बसत होतो, आणि ती सुतळी रोज माझ्या पाठीला टोचत होती.

"इंचाला चार फूट," लेले म्हणाले. "रविवारी या."

हे मापच त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. खऱ्या जगातले चार फूट म्हणजे मॉडेलात एक इंच. नवीन माणूस भेटला की ते त्याला वरून खाली न्याहाळायचे आणि मनातल्या मनात भागाकार करायचे. आमच्या वेल्फेअर खात्याच्या साहेबांना ते मागे 'सव्वा इंच' म्हणत. "आपल्या कारखान्यात दीड इंचाच्या वर माणूस नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि ते बोलताना ते स्वतःला वगळत नसत.

खोली रेल्वेच्या रुळांना चिकटून होती. मागच्या खिडकीशी एक लांबलचक टेबल, आणि टेबलाभोवती आम्ही चौघं. लेले आणि मी झालो. तिसरा मधू दातार, साहेबांच्या हाताखालचा वेल्फेअरमधला कारकून. गोरा, नीटनेटका, भांग कधी न विस्कटणारा, आणि ब्रशवर हात असा की गंजलेला पत्रा रंगवला तर त्यावर बोट फिरवून बघावंसं वाटे. चौथा इब्राहिम. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं कंदील आणि ट्रंका दुरुस्त करायचं दुकान होतं. बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यातून तो रूळ कापायचा, चाकं वळवायचा आणि कथलाने असे सांधे करायचा की ते दिसू नयेत. बाकी सगळं पांगाऱ्याच्या लाकडाचं, पुठ्ठ्याचं आणि लेल्यांनी शिजवलेल्या पिठाच्या खळीचं.

गाडी आली की टेबल हलायचं. ब्रश सरकायचा, सरस नको तिथे सांडायचा. म्हणून लेल्यांनी एक शिस्त लावली होती. लांबून रूळ वाजायला लागले की ते म्हणत, "हात." सगळ्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर घ्यायचे आणि गाडी जाईपर्यंत वरच ठेवायचे. पोलिसाने पकडल्यासारखे आम्ही चौघं हात वर करून एकमेकांकडे बघत बसायचो. हात मोकळे आणि काम बंद, त्यामुळे बोलणं व्हायचं ते तेवढ्यात. पॅसेंजर गाडी असली तर एखादी थट्टा, मालगाडी असली तर सविस्तर हकीकत. इब्राहिमच्या मुलीचं लग्न ठरल्याचं आम्हाला मालगाडीत कळलं. शेवटचा डबा गेला की लेले हात खाली आणत आणि ज्याचं वाक्य अर्धं राहिलं असेल त्याने ते पुढच्या गाडीपर्यंत गिळून ठेवायचं.

त्या खोलीत मी किती सुखात होतो हे मला तिथे असताना कधी कळलं नाही. कळायला नाक आड येत होतं.

सरस आणि चहा एकाच शेगडीवर व्हायचा. भांडी निराळी होती, पण ढवळायचा चमचा निराळा असेल याची मला खात्री नव्हती. घरमालकीण शेवंताबाई अंगणातूनच ओरडायची, "अवं पंत, खोलीत म्हस मरून पडलीया का काय? माझ्या सुना भाकर खाईनात." लेले आतून शांतपणे सांगत, "म्हैस नाही, शेवंताबाई, सरस आहे." "मंग त्या सरसाला आंघूळ घाला येकदा," म्हणत ती निघून जायची.

पहिल्या वर्षी आम्ही खडकीच्या यार्डातलं कोळशाचं इंजिन केलं. पुठ्ठ्याचं अंग, खळीने चिकटवलेलं. खळीत मोरचूद टाकायचा असतो, नाहीतर तिला कीड लागते. तो टाकायचं आम्ही विसरलो. दुसऱ्या रविवारी येऊन बघतो तर झुरळांनी बॉयलर निम्मा खाल्लेला आणि उंदरांनी उरलेल्यावर संसार थाटलेला. दातारने डोक्याला हात लावला. मी नाकाला रुमाल लावला. लेल्यांनी मात्र चष्मा लावला, खाली वाकले, उंदरांच्या लेंड्या एक एक करून चिमटीने उचलल्या, आणि तळहातावर घेऊन खिडकीशी गेले.

"सबनीस, बघा. कोळसा."

"लेले, त्या लेंड्या आहेत."

"इंचाला चार फूट धरा. हातभर लांबीचं ढेकूळ. यार्डात अगदी अशीच रास असते." मग त्या त्यांनी उन्हात वाळवल्या, व्हार्निशात घोळवल्या आणि नव्या इंजिनामागच्या डब्यात रचल्या. यार्डातला एक फायरमन ते इंजिन बघायला आला होता. कोळसा बघून तो म्हणाला, हा चांगला कोळसा आहे, आम्हाला असला मिळत नाही. लेल्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो, आणि त्या लेंड्याही.

इंजिनानंतर त्यांनी दापोडी स्टेशन हातात घेतलं. स्टेशन, रूळ, सिग्नल आणि मागची त्यांची स्वतःची गल्ली, घरांसकट. घरांवर नळीची कौलं. कौलं कशाची करायची यावर आम्ही बरेच रविवार घालवले. पुठ्ठा वाकला की चिरतो, पत्रा चमकतो. एका रविवारी लेल्यांनी काडेपेटी उघडून टेबलावर उपडी केली. कापलेली नखं होती. पायाच्या अंगठ्याची, जाड, पिवळी, बाकदार. कातरून बारीक तुकडे केले आणि गेरूत बुडवले की हुबेहूब कौल.

इब्राहिम मागे सरकला. "पंत, आमच्यात नखं कापली की पुरतात. तुमी छपरावर चढवताय."

"जमिनीतच जाणार होती ना? मग घरावर गेली तर काय बिघडलं?"

इब्राहिम पुढच्या रविवारी स्वतःची पुडी घेऊन आला. पत्र्याचं काम करून त्याची नखं दणकट झालेली होती, त्यांची पन्हळ सगळ्यांत चांगली बसायची. दातारही आणू लागला. त्याची नखं गुळगुळीत, ती स्टेशनमास्तरच्या घरावर गेली. मी शेवटपर्यंत विरोध केला, आणि तरी शेवंताबाईच्या घरावरची पुढची ओळ माझी आहे. ती पुडी मी लेल्यांच्या हातात देताना चिमट्यात धरली होती.

स्टेशनच्या भिंतीवरचे पानाचे आणि तंबाखूचे डाग दातारने रंगाने उमटवले होते. लेल्यांना पटले नाहीत. "थुंकीचा रंग थुंकीनंच येतो," म्हणून त्यांनी ब्रश स्वतःच्या तोंडात बुडवला. तो ब्रश मी त्यानंतर कधी हातात घेतला नाही. पण डाग बरोबर आले होते, ते नाकारून चालणार नाही.

आता राहिल्या तारा. रुळांवरून जाणारी विजेची जाड तार इब्राहिमने एका जळक्या मोटारीतून तांब्याची काढून दिली. रुळांच्या कडेने खांबांवरून जायच्या त्या तारायंत्राच्या तारा मात्र बारीक हव्या होत्या. लेले उठले आणि कोनाड्यातला एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत केसांचा गुंता होता. बायका विंचरून झाल्यावर फणीतले केस बोटाला गुंडाळून ठेवतात ते गुंतवळ. काळेभोर, लांब, खोबरेल तेलाचा जुना वास येणारे. लेल्यांची बायको क्षयाने गेली होती, आमची ओळख व्हायच्या आधी. हे तिचे केस होते. हे आम्हा तिघांना त्यांनी तेव्हाच सांगितलं, डबा उघडताना, कौलं नखांची आहेत हे ज्या आवाजात सांगितलं होतं त्याच आवाजात.

मी म्हटलं, "लेले, काळा दोरा आहे की."

"दोरा जाड पडतो. केस बरोब्बर मापात बसतो. कुणाचाही घ्या, केस सगळे सारखेच. हे घरात होते, म्हणून हे."

त्यानंतरचे किती रविवार ते फक्त गुंता सोडवत होते. एक केस मोकळा करायचा, पाण्यात ओला करून ताणायचा, आणि खांबाखांबावरून न्यायचा. मला तिकडे बघवत नसे. असाच एकदा ते केस धरून बसले असताना रूळ वाजले. मालगाडी होती. आम्ही हात वर केले. लेल्यांच्या चिमटीत केस तसाच होता, तो वर गेलेल्या हातातून लोंबत राहिला. खिडकीबाहेर खऱ्या तारा गाडीच्या वाऱ्याने हलत होत्या.

लेले म्हणाले, "ती ह्या खिडकीशी पडलेली असायची. उठता येत नव्हतं. मी कामावरून आलो की सांगायची, आज तारेवर साळुंक्या किती बसल्या, भांडली कोण, उडाली कोण. माझं लक्ष नसायचं. मी हो हो करायचो." अजून डबे जात होते. "विंचरायला लागलं की फार केस गळायचे. ती म्हणायची टाकून द्या. मी नाही टाकले." मग शेवटचा डबा गेला आणि त्यांनी हात खाली आणले. पॅसेंजर असती तर ते पहिल्या वाक्यावरच थांबले असते. दातारने मान खाली घातली होती आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून पुढचं मी त्याला कधी माफ केलं नाही.

त्या तारांवर लेल्यांनी जिरे बसवले. साळुंक्या म्हणून. जवळ जाऊन बघितलं तरी पक्षीच वाटत. शेवटचा केस शेवटच्या खांबाला बांधला तेव्हा डबा रिकामा झाला. लेल्यांनी तो उपडा करून आपटला, आत बघितलं आणि झाकण लावून कोनाड्यात परत ठेवला. आता तिचं जे काही होतं ते सगळं त्या टेबलावर होतं.

त्याच सुमारास कारखान्यात नवीन सभागृह बांधून झालं. उद्घाटनाला दिल्लीहून पाहुणे येणार होते आणि साहेबांच्या मनात कामगारांच्या छंदांचं प्रदर्शन भरवायचं होतं. दातारने स्टेशनचं नाव सुचवलं. लेले आधी नाही म्हणाले, मग दोन रविवार विचार करून हो म्हणाले. मला वाटतं, ते कुणीतरी बघावं अशी त्यांची इच्छा होती. कारखान्याच्या ट्रकमधून मॉडेल नेलं तेव्हा ते ट्रकच्या मागे उभे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला "हात" म्हणत होते.

आदल्या दिवशी दुपारी साहेब आपल्या पत्नीला घेऊन सभागृह बघायला आले. मी एका कोपऱ्यात तक्ते लावत होतो. बाईसाहेब मॉडेलापाशी थांबल्या. मनापासून थांबल्या. वाकून त्यांनी एका घराच्या छपरावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "किती सुरेख कौलं आहेत. कशाची केली हो?"

दुसरा कुणी असता तर लाकडाची म्हणून मोकळा झाला असता. लेल्यांना कुणी कधी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांचा चेहरा फुलला. "नखांची," ते म्हणाले.

"कसली नखं?"

"माणसांची. हे घर सगळं इब्राहिमच्या अंगठ्याचं आहे. ती ओळ आमच्या सबनीसांची. आणि हा डाग बघा, हा रंग नाही. हा खराखुरा आहे." आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. बाईसाहेबांनी छपरावरचं बोट उचललं होतं आणि ते कुठे पुसावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. माझंही तेच झालं असतं. लेले तारांकडे वळले. "आणि ह्या तारा आमच्या हिच्या."

"हिच्या म्हणजे?"

"केस. गेली ती."

बाईसाहेबांनी पदर नाकाला लावला आणि त्या बाहेर गेल्या. साहेब एक मिनिट तिथेच उभे राहिले. मग दातारकडे न बघता म्हणाले, "दातार, हे जरा बघून घ्या. उद्या पाहुणे आहेत." लेले स्टोअरमध्ये परत जाताना मला जिन्यात भेटले. "सव्वा इंच वाटतात, पण फार बारकाईनं बघत होते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेले आले ते मला ओळखूच आले नाहीत. धुतलेलं धोतर, काळा कोट, दाढी केलेली, नखं काढलेली. हातात कागदाची पुडी होती, कारण ट्रकमध्ये एक कौल पडलं होतं. आम्ही दोघं बरोबरच सभागृहात शिरलो. दारातच फिनेलचा वास आला.

मॉडेल स्वच्छ होतं. घरांवर लाल पुठ्ठा होता, दातारच्या सुबक हाताने कौलांच्या रेघा ओढलेला. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. सुतळीचं बाकडं काढून तिथे कुंडी ठेवली होती. रुळावर उभ्या इंजिनात आमच्या कोळशाच्या जागी खरा कोळसा कुटून टाकला होता. आणि खांबांवरून काळा शिवणाचा दोरा गेला होता. त्यावर पक्षी नव्हते.

इब्राहिम भिंतीशी उकिडवा बसला होता. तो सिग्नलचा दांडा बसवायला आदल्या संध्याकाळी आला होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे झालं होतं. तो उठून लेल्यांपाशी आला. "पंत, मी बोललो त्याला. बाकी सगळं काढ, भाऊ, तारा राहू दे म्हटलं. मग म्हटलं, काढल्यात तर माझ्याकडे दे. तोवर झाडूवाला घेऊन गेला. कारखान्याच्या बॉयलरमधे."

लेले वाकले. खिशातून चष्मा काढून लावला आणि दोऱ्यापाशी डोळे नेले. एकेका खांबापाशी सरकत ते शेवटच्या खांबापर्यंत गेले. मग म्हणाले, "इंचाला चार फूट धरलं तर ही तार बोटाएवढी जाड होते. विजेची तार आणि ही तार, दोन्ही सारख्या दिसतात."

दातार जवळच होता. "पंत, साहेबांचा हुकूम होता," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, घाण होती हो ती. लोकांना किळस येते."

मी आयुष्यभर किळस करत आलो. तिच्यातला मी जाणकार आहे, असं म्हटलं तरी चालेल. पण सरसाने नाही, लेंड्यांनी नाही, थुंकीने भिजलेल्या ब्रशानेही माझं तसं कधी झालं नव्हतं जसं त्या वाक्याने झालं. मालगाडी जाताना ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तोच हा माणूस. त्याला ठाऊक होतं काय काढतोय ते. ठाऊक असून त्याने ते झाडूने गोळा केलं, आणि मग हात धुतले.

उद्घाटन छान झालं. पाहुण्यांनी स्टेशन बघून टाळ्या वाजवल्या. "श्री. दातार आणि मंडळी" असं जाहीर झालं आणि दातारने चांदीचा पेला घेतला. परत येताना तो माझ्यापाशी थांबला आणि हात पुढे केला. त्या हाताला चंदनाच्या साबणाचा वास येत होता. मी माझा हात खिशात घातला आणि तिथून निघालो. तो साबण आमच्या घरात त्यानंतर कधी आला नाही. बायकोला वाटतं, मला तो सोसत नाही.

मॉडेल साहेबांच्या खोलीत काचेच्या पेटीत गेलं, लेल्यांनी ते परत मागितलं नाही. रविवार बंद झाले. इब्राहिम दुकानातून त्यांना जाता-येता हाक मारायचा, ते हात वर करून पुढे जायचे. कामावर मात्र रोज येत, नीट धुतलेल्या शर्टात. कारखान्यात सगळे म्हणायला लागले की लेले सुधारले. मला ते बघवत नसे. सुधारलेले लेले हा मला त्या सगळ्यातला सगळ्यांत ओंगळ प्रकार वाटला.

मी बायकोला एकदा सगळं सांगितलं. पुढे बऱ्याच दिवसांनी तिने माझ्यापुढे एक कागदात गुंडाळलेला पुडा ठेवला. तिचे केस होते. ती रोजचे साठवत होती, मला न सांगता. "नेऊन द्या त्यांना," ती म्हणाली. मी तो पुडा पिशवीत टाकला आणि पेल्याशेजारी ठेवला, आणि गाडीत दापोडीपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसलो.

शेवंताबाई अंगणात होती. मला बघून म्हणाली, "लई दिसांनी आलासा. जावा, बसलेत आत. आता वास न्हाई काई न्हाई. पर आता वाटतंय, त्यो वासच बरा व्हता."

खोलीत खरंच वास नव्हता. शेगडी विझलेली, टेबल पुसलेलं, त्यावर काहीही नव्हतं. लेल्यांनी चहा केला. माझ्या पिशवीतला पेला मी काढलाच नाही, त्यांच्या कपातून प्यालो, आणि चहा नुसता चहासारखा लागला. मग मी पुडा पुढे केला. लेल्यांनी तो उघडला. त्यांना काय आहे ते लगेच कळलं. एक केस त्यांनी बोटावर घेतला, खिडकीकडे धरला, आणि परत ठेवला. पुडा पहिल्यासारखा बांधला.

"वहिनींना सांगा, फार चांगले आहेत," ते म्हणाले. "पण मापात बसत नाहीत."

"केस सगळे सारखेच असतात असं तुम्हीच म्हणायचात."

"म्हणायचो खरं."

मी पुडा पिशवीत ठेवला आणि निघालो. ते दारापर्यंत आले नाहीत. स्टेशनवर मी त्या बाकड्यावर बसलो. सुतळी सैल होऊन लोंबत होती. लोणावळ्याची गाडी आली, मी खिडकीपाशी जागा धरली. स्टेशन सुटलं की डाव्या हाताला लेल्यांच्या खोलीची मागची खिडकी लागते. गाडीने अजून वेग घेतला नव्हता. दिवेलागणीची वेळ होती, आत दिवा होता, आणि टेबल स्वच्छ दिसत होतं. त्यावर काही नव्हतं. टेबलाशी लेले बसले होते, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून, माझी गाडी जायची वाट बघत.

मालगाडी नव्हती ती. डबे थोडे होते आणि खिडकी लगेच मागे गेली. त्यांनी हात खाली ठेवलेले मला दिसले नाहीत.